ओकमाँटवर पुन्हा एकदा: चौदा वर्षांनी, त्याच चौघांसोबत

संथपट:

2011च्या सप्टेंबरात आम्ही चार मित्र अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळच्या ओकमाँट या गोल्फ मैदानावर पहिल्यांदा खेळलो. 2025च्या सप्टेंबरात पुन्हा योग आला. तेच चौघे, यजमान सदस्यही तेच. हा खाजगी क्लब आहे, सदस्याच्या सोबतीशिवाय पाहुण्याला खेळता येत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा बोलावणं येईल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. परत आल्यापासून डोक्यात तेच मैदान घोळतंय, म्हणून हा धागा.

सुरुवात पहिल्या होलपासूनच करतो, कारण 2011 साली माझी अख्खी फेरी तिथेच विस्कटली होती. चार पारचा (म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला) होल, दुसरा शॉट उताराच्या दिशेने, आणि ग्रीनही (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) समोरून मागे कललेलं. म्हणजे चेंडू जिकडे जातो तिकडेच जमीन त्याला पुढे ढकलते. तेव्हा मी झेंड्यापर्यंतचं अंतर विचारलं, तेवढ्याच अंतराचा क्लब (खेळायची काठी) काढला आणि शॉटही अगदी मनासारखा बसला. चेंडू झेंड्याशेजारी टप्पा खाऊन मागच्या रफमध्ये, म्हणजे उंच गवतात गेला. तिथून चिप (छोटा उचललेला फटका) आखूड पडली, पुढे तीन पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके. पहिल्याच होलवर सहा. त्यानंतरचे सतरा होल मी घाबरत खेळलो.

या वेळी कॅडीने, म्हणजे पिशवी उचलून सल्ला देणाऱ्या मदतनिसाने, झेंड्याचं अंतर सांगितलंच नाही. फेअरवेवरची (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरची) एक जागा बोटाने दाखवली, ग्रीनच्या बरीच अलीकडची, आणि म्हणाला, "तिथे टाका. पुढचं काम जमीन करेल." मी एक क्लब कमी घेतला. चेंडू गवतात पडला, दोन लहान उड्या मारल्या आणि घरंगळायला लागला. ग्रीनच्या तोंडाशी तो इतका मंदावला की थांबला असंच वाटलं. त्याच्यावर मी पेनने काढलेली निळी रेघ एकदा वर आली, मग सावकाश पुन्हा एकदा. त्यानंतर उतार लागला आणि रेघ दिसेनाशी झाली. झेंड्यापासून दहा-बारा पावलांवर थांबला. दोन पट, पार. स्कोअरकार्डवर चार लिहिताना माझा हात थरथरत होता, हे खरं आहे.

पहिला होल संपला की पुलावरून पलीकडे जावं लागतं. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग मैदान चिरून जातो. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सात होल रस्त्याच्या एका बाजूला, उरलेले अकरा दुसऱ्या बाजूला. खालून ट्रक धडधडत जातात आणि पूल ओलांडला की पुन्हा गवत, वारा, शांतता. महामार्गाच्या आधीपासून तिथे रेल्वेमार्ग होता, त्यामुळे ही फाळणी मैदानाच्या जन्माइतकीच जुनी.

हे मैदान आखलं हेन्री फाउन्स यांनी. पिट्सबर्गचे पोलादवाले. 1903 साली क्लब स्थापन झाला, पुढच्या वर्षी मैदान खुलं झालं. त्यांनी आयुष्यात आखलेलं हे एकमेव मैदान. त्यांचा मुलगा विल्यम, 1910चा यूएस ॲमॅच्युअर या हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचा विजेता, पुढची कित्येक वर्षं मैदान अधिकाधिक कठीण करत राहिला. चुकलेल्या फटक्याची किंमत खेळाडूने मोजलीच पाहिजे, ही बापलेकांची श्रद्धा. तिथली जमीन चिकणमातीची, बंकर (वाळूचे खड्डे) फार खोल खणता येत नसत. म्हणून वाळूत नांगरल्यासारख्या सऱ्या पाडणारे जड लोखंडी दातेरी फाळके त्यांनी करून घेतले. चेंडू दोन सऱ्यांच्या मधे बसला की बाहेर काढण्यापलीकडे खेळाडूच्या हातात काही उरत नसे. ती पद्धत पुढे बंद झाली, पण विचार तोच राहिला.

तिसऱ्या आणि चौथ्या होलच्या मधे तो प्रसिद्ध बंकर आहे, 'चर्च प्यूज'. वाळूच्या लांबलचक पट्ट्यात गवताचे डझनभर आडवे बांध, चर्चमधल्या बाकांच्या रांगांसारखे. गंमत अशी की दोन्ही होलवर तो डाव्याच हाताला येतो, कारण होल एकमेकांच्या उलट दिशेने धावतात. आमच्यातला डावखुरा 2011 साली त्यात दोनदा अडकला होता, तिसऱ्यावर एकदा आणि चौथ्यावर एकदा. त्याला डावीकडे चेंडू वळवायची सवयच आहे. या वेळी तिसऱ्याच्या टीवर, पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा राहून तो मिनिटभर नुसता उजवीकडे बघत राहिला. मग उजवीकडे मारला, उजवीकडच्या बंकरमध्ये गेला आणि तिथून नीट बाहेर आला. त्याचा चेहरा उजळला होता. चौथ्यावर तर फेअरवे सापडला.

आठव्याबद्दल काय सांगू. तीन पारचा होल, आणि यूएस ओपन या अमेरिकेच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या दिवशी 2007 साली 300 यार्ड, 2025 साली 301 यार्ड. आम्ही पुढच्या टीवरून खेळतो, तरीही आम्हा तिघांनी हातात लाकूडच (लांब पल्ल्याचा क्लब) घेतलं. पण ग्रीनचं तोंड उघडं आहे, चेंडू घरंगळत जाऊ शकतो. लांब आहे पण फसवत नाही. त्या मैदानाचा स्वभावच तो. पाण्याचं तळं नाही, लपवलेला खड्डा नाही, सगळं डोळ्यांसमोर मांडलेलं. पहिल्या खेपेला मला ते क्रूर वाटलं होतं. आता वाटतं, इतकं सरळ बोलणारं मैदान मी दुसरं पाहिलेलं नाही.

मित्रांबद्दल नंतर लिहितो. आमच्यातला थोरला या वेळी खेळू शकला नाही, पाठीचं ऑपरेशन झालंय. तरी अठराही होल सोबत चालला. त्याच्याबद्दल घाईत लिहावंसं वाटत नाही.

तुमच्यापैकी कुणी ओकमाँट पाहिलं असेल, सामन्यासाठी गेला असाल, तर जरूर लिहा.

यार्डवही:

फार सुंदर. पहिल्या होलचं वर्णन वाचताना मी खुर्चीतच पुढे झुकलो.

थोडी इतिहासाची भर घालतो. ओकमाँटवर यूएस ओपन दहा वेळा झालीय, इतर कुठल्याही मैदानापेक्षा जास्त. 1927, 1935, 1953, 1962, 1973, 1983, 1994, 2007, 2016 आणि 2025. 1935 साली सॅम पार्क्स जिंकले तेव्हा चार फेऱ्यांत 300च्या आत येणारे ते एकटेच होते, 299. ते त्याच परिसरातले व्यावसायिक खेळाडू, मैदान त्यांच्या पायाखालचं. मोठमोठी नावं मागे राहिली आणि उतार पाठ असलेला माणूस जिंकला. तुमच्या कॅडीने जे केलं ना, जागा दाखवली आणि अंतर सांगितलं नाही, ते यातलंच.

1987 साली ओकमाँटला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. गोल्फ मैदानाला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

हिरवळवेडा:

मी गवताच्या कामात आहे, म्हणून ग्रीनविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ग्रीनचा वेग मोजण्याचं जे साधन आज जगभर वापरतात, त्या स्टिम्पमीटरचा उगमच ओकमाँटमध्ये आहे. 1935च्या ओपनमध्ये एडवर्ड स्टिम्पसन प्रेक्षक म्हणून हजर होते. जीन सॅराझेनसारख्या खेळाडूचा पट ग्रीनवरून निसटून बंकरमध्ये गेलेला त्यांनी पाहिला. ग्रीन अवाजवी वेगवान आहे असं त्यांना वाटलं, पण ते सिद्ध कसं करणार? घरी जाऊन त्यांनी लाकडाची एक खाचेची पट्टी केली. अमेरिकन गोल्फ संघटनेने 1970च्या दशकात ती ॲल्युमिनियममध्ये घडवून मैदान सांभाळणाऱ्यांच्या हाती दिली.

वापरायला अगदी सोपी. तीन फुटी पट्टी, मधे इंग्रजी व्ही अक्षरासारखी पन्हळ, वरच्या टोकाजवळ चेंडू ठेवायला खाच. सपाट जागा शोधायची, पट्टीचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं हळूहळू उचलायचं. साधारण वीस अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. माणसाच्या हाताचा जोर त्यात कुठेच येत नाही. तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि किती फूट गेले त्याची सरासरी. सर्वसाधारण क्लबात नऊ-दहा आलं तरी लोक ग्रीन चांगलं चाललंय म्हणतात. ओकमाँटमध्ये मोठ्या स्पर्धेच्या वेळी चौदाच्या पुढे जातं.

आणि हे सगळं पोआ ॲन्युआ या गवतावर. बहुतेक ठिकाणी आम्ही त्याला तण म्हणून उपटतो! ओकमाँटमध्ये शंभर वर्षं खूप खाली कापत राहिल्याने त्याची अशी दाट, बुटकी, टिकाऊ जात तयार झाली की तिला दुसरीकडे जोड नाही. माझ्या व्यवसायातल्या माणसाला हे तीर्थक्षेत्र आहे.

संथपट, हवेत ओल होती का त्या दिवशी? तुमच्या चेंडूने पहिल्या ग्रीनवर घेतलेलं अंतर वाचून विचारतोय.

संथपट:

@हिरवळवेडा, आदल्या रात्री शिडकावा झाला होता, सकाळी थोडी ओल होती. दुपारी बाराव्या होलपर्यंत पार सुकलं. बाराव्याचं ग्रीनही पहिल्यासारखं मागे पळतं, दहाव्याचंही. बाराव्यावर मी पहिल्या होलचाच हिशेब लावला आणि चेंडू मागे निघून गेला. तेच मैदान, तीन तासांनी वेगळं. तुमचा प्रतिसाद आधी वाचायला हवा होता.

पानगळ:

लेख आवडला, पण माझी एक जुनी खंत आहे, ती मांडते.

ओकमाँटने हजारो झाडं तोडली. त्याबद्दल सगळे कौतुकाने बोलतात. मला ते कधीच पटलं नाही. पन्नास-साठ वर्षांची वाढलेली झाडं, त्यांत पक्ष्यांची घरटी, आणि ती केवळ खेळासाठी आणि 'मूळ आराखड्या'साठी गेली. 1990च्या दशकात सुरुवातीला तर सदस्यांना कळू नये म्हणून पहाटेच्या अंधारात तोडायचे, बुंधे खरवडून वर हिरवळ अंथरायचे, उजाडेपर्यंत मागमूस नाही. योग्य काम असेल तर अंधार कशाला लागतो?

यार्डवही:

@पानगळ, अंधाराबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. सदस्यांना विश्वासात घ्यायला हवं होतं. ते कळल्यावर क्लबात मोठा वाद झालाही.

पण झाडांबद्दल थोडं वेगळं मत आहे. फाउन्सनी मैदान आखलं तेव्हा ते उघडं माळरान होतं, शेतजमीन. झाडं लावली गेली विसाव्या शतकाच्या मध्यावर, शोभेसाठी. पुढे ती इतकी दाटली की एका होलवरून दुसरा दिसेना, ग्रीनवर ऊन आणि वारा पोचेना. पोआ ॲन्युआसारख्या गवताला सावली म्हणजे रोगराई. जे तोडलं ते मूळ जंगल नव्हतं.

हिरवळवेडा:

यार्डवहींच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. सावलीतलं ग्रीन उशिरा सुकतं, बुरशी धरते, मग औषधं जास्त मारावी लागतात. झाडं काढल्यावर औषधं आणि पाणी कमी लागतं. तरी @पानगळ, घरट्यांबद्दल तुम्ही जे म्हणता त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नुकसान झालंच.

संथपट:

@पानगळताई, तुमचा मुद्दा मनाला लागला. मी दोन्ही वेळा उघडंच मैदान पाहिलंय, झाडांचं ओकमाँट कधी पाहिलं नाही. एवढंच सांगतो. अठराव्याच्या फेअरवेवरून मागे वळून पाहिलं तर इतर होलवरचे झेंडे दूरपर्यंत दिसतात, माणसं ठिपक्यांएवढी. वारा कुठून येतोय ते गवतावरून कळतं. चौदा वर्षांत मी त्या दृश्याची वाट पाहत होतो. ते झाडांच्या किमतीवर मिळालंय हे तुमच्यामुळे पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

बदल म्हणाल तर 2023मध्ये मैदानं आखणारे गिल हॅन्स यांनी केलेलं काम मात्र मला ठळक जाणवलं. ग्रीनच्या कडा जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा बाहेर नेल्यात, बंकर नव्याने घडवलेत. 2011 साली जिथे रफ होतं तिथे आता ग्रीन आहे, आणि त्या कडेला झेंडा लावला की काळजाचा ठोका चुकतो.

वाळूतली वाट:

मी 2025ची ओपन रविवारी मैदानावर जाऊन पाहिली. दुसऱ्या होलजवळ उभी होते. जे. जे. स्पॉनचा शॉट थेट झेंड्याच्या काठीवर आदळला आणि चेंडू मागे येत येत ग्रीनवरून खाली, फेअरवेवर कितीतरी मागे गेला. आमच्या आजूबाजूचे लोक 'अरेरे' करत एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्या सहा होलमध्ये त्याच्या पाच बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाल्या. त्याची आशा संपली असं मीही धरून चालले. मग पाऊस आला, खेळ दीड तासाहून जास्त थांबला.

परत आला तो दुसराच खेळाडू वाटला. सतराव्यावर एकाच फटक्यात ग्रीन गाठलं आणि बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. अठराव्यावर 64 फुटांचा पट, आणि गेला आत. चिंब भिजलेल्या त्या गर्दीचा आवाज अजून कानात आहे. शेवटी एक पारखाली राहून तोच जिंकला. संपूर्ण स्पर्धेत पारखाली राहिलेला तो एकटाच. त्याच्याशी झुंजत असलेला रॉबर्ट मॅकिंटायर आत स्क्रीनवर ते पाहून टाळ्या वाजवत होता, हे मी नंतर टीव्हीवर पाहिलं आणि तेव्हा डोळे भरून आले.

त्या पटाच्या वेळी माझ्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, 1983 साली लॅरी नेल्सनने सोळाव्यावर 62 फुटांचा घातला होता. त्यांना तो फुटांसकट आठवत होता.

पहाटटी:

वा वाळूतली वाट, तुम्ही तिथे होतात!

सगळे पुरुषांच्याच ओपनबद्दल लिहिताहेत म्हणून आठवण करून देते. 2010 साली महिलांची यूएस ओपन ओकमाँटवर झाली आणि पॉला क्रीमर जिंकली. अंगठ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, प्रत्येक फटक्यानंतर हात दुखत होता. तीन पारखाली, आणि तिथेही पारखाली राहिलेली ती एकटीच. त्याआधी 1992 साली पॅटी शीहन प्लेऑफमध्ये जिंकली होती. दोन्ही वेळा मैदान त्याच वेगाचं, तेवढंच निष्ठुर. मी त्या वेळी गोल्फ शिकायला लागले होते. क्रीमरचा तो गुंडाळलेला अंगठा पाहून मी माझी तक्रार करणं बंद केलं.

यार्डवही:

पारखालीचा विषय निघालाच आहे तर 1973 कसं विसरायचं. जॉनी मिलर शेवटच्या दिवशी सहा फटके मागे होता. पावसाने ग्रीन मऊ झाली होती. अठराच्या अठरा ग्रीन त्याने ठरलेल्या फटक्यांत गाठली आणि 63 करून जिंकला. पुढच्या वर्षी विंग्ड फूट या दुसऱ्या मैदानावर ओपन झाली तेव्हा मैदान इतकं कडक ठेवलं होतं की हेल अर्विन पारपेक्षा सात फटके जास्त घेऊनही जिंकला. अनेकांच्या मते ते ओकमाँटच्या 63चंच उत्तर होतं.

आणि 2016. पाचव्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सन पट मारायच्या तयारीत असताना चेंडू केसभर हलला. बाराव्याच्या टीवर त्याला सांगितलं गेलं की कदाचित एक फटका दंड लागेल. उरलेले सात होल स्वतःचा नक्की स्कोअर माहीत नसताना तो खेळला, आणि तरी जिंकला. शेवटी दंड लागलाच. त्यावरून इतकी चर्चा झाली की 2017पासून ग्रीनवर चेंडू अनवधानाने हलला तर दंड न लावण्याचा नियम आला. एका वेगवान ग्रीनने सगळ्या जगाचा नियम बदलला.

सातवाआयर्न:

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझा हँडिकॅप 24 आहे, म्हणजे पारपेक्षा साधारण तेवढे फटके मला जास्त लागतात. ओळखीतून एका अशाच जुन्या, कठीण खाजगी मैदानावर बोलावणं आलंय. जावं का? यजमानांचा दिवस खराब होईल अशी भीती वाटते. आणि इतक्या वेगवान ग्रीनवर पट कसा मारायचा हे कुणी सांगेल का?

संथपट:

@सातवाआयर्न, नक्की जा. यजमानाला तुमच्या स्कोअरशी देणंघेणं नसतं. चेंडू शोधत रेंगाळू नका, हरवला की दुसरा टाका, आणि पुढच्यांच्या मागे मागे राहा. पुढच्या टीवरून खेळा, हट्ट करू नका. बंकर स्वतः सपाट करा, ग्रीनवरची चेंडूची खूण भरा, आपली भरून झाली की शेजारची आणखी एक भरा. कठीण मैदानावर हळू खेळणारा पाहुणा लोकांना खटकतो, जास्त फटके खेळणारा नाही.

पट म्हणाल तर मी दोन खेपांत जे शिकलो ते असं. ग्रीनवर पोचायच्या आधीच विचार करा की चेंडू झेंड्याच्या खालच्या बाजूला राहील कसा. चढावरचा पंधरा फुटी पट उतारावरच्या चार फुटीपेक्षा सोपा. उतारावर असाल तर होलकडे बघू नका, चेंडू जिथून वळायला लागेल ती जागा निवडा आणि तिथपर्यंतच मारा. पकड सैल, मागे नेणं अगदी थोडं. फारच घसरता उतार असेल तर काही जण पटरच्या टोकाने मारतात, फटका मेल्यासारखा लागतो. माझ्या कॅडीने ते पाचव्यावर करून दाखवलं. मला जमलं नाही, पण आमच्या चौघांतल्या डॉक्टरला जमलं.

आणि चर्च प्यूजसारख्या ठिकाणी अडकलात तर मागे किंवा आडवं खेळा. चेंडू गवताच्या बांधाला टेकून असेल तर समोरचा रस्ता नाहीच. एक फटका द्या आणि बाहेर या. 1962च्या यूएस ओपनमध्ये अर्नोल्ड पामर पुन्हा पुन्हा तीन पटांत सापडले, आणि बावीस वर्षांच्या निकलॉसला नव्वद होलमध्ये एकदाच तीन पट लागले. तो सामना तिथेच ठरला. पामर तर जवळच्याच गावचे, सगळी गर्दी त्यांच्या बाजूची. निकलॉसने गर्दी ऐकली नाही, उतार ऐकला.

सातवाआयर्न:

धन्यवाद काका. होकार कळवून टाकला. खालच्या बाजूला ठेवायचं हे वहीत लिहून घेतलंय.

वाळूतली वाट:

संथपट, तुमच्या थोरल्या मित्राबद्दल लिहिणार होतात. आम्ही थांबलोय.

संथपट:

हो, लिहितो. आज वेळ काढून बसलोय.

आमच्या चौघांत गोल्फ आधी त्यानेच सुरू केलं. आम्हा तिघांना पहिल्यांदा मैदानावर त्यानेच नेलं, चेंडूही त्याचेच, त्यातले निम्मे आम्ही पहिल्याच दिवशी हरवले. 2011 साली ओकमाँटचं बोलावणं आलं ते त्याच्या ओळखीने. त्या दिवशी आमच्यात सगळ्यात चांगला तोच खेळला, नव्वदच्या आत. फक्त नवव्यावर त्याचं बिघडलं. नववं ग्रीन अवाढव्य आहे, आणि त्याच्या मागच्या अर्ध्या भागातच सरावाचं ग्रीन आहे. दोन्हींच्या मधे कुंपण नाही, रेघ नाही, एकच सलग हिरवा गालिचा. त्याचा चेंडू त्या सरावाच्या भागाकडे गेला आणि तिथून होलपर्यंत यायला त्याला चार पट लागले. जेवताना तो तेवढ्याचबद्दल बोलत राहिला. नंतरच्या चौदा वर्षांत कुठलंही ग्रीन आलं की म्हणायचा, "नवव्यासारखं आहे."

पाठीच्या ऑपरेशननंतर त्याला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण कमरेतून वळायला मनाई. क्लब फिरवणं बंद. येईल का, असं मी त्याला फोनवर चाचरतच विचारलं. तो म्हणाला, "मला मैदान बघायचंय. खेळायला तुम्ही आहातच." यजमानांनी लगेच होकार दिला. त्याने आदल्या रात्री आमच्या तिघांच्या पिशव्या तपासल्या, माझ्या वेज या क्लबच्या खाचांतली माती चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीने खरवडून काढली.

मैदानावर तो आमच्या पुढे चालायचा, शॉट पडेल तिथे जाऊन उभा राहायचा. कॅडी सांगण्याआधीच हात करून दाखवायचा, इकडे उतार आहे. बहुतेक वेळा बरोबर असायचा. चर्च प्यूजच्या एका बांधावर तो थोडा वेळ टेकून उभा राहिला आणि डावखुऱ्याला म्हणाला, "तू इथे होतास. ह्याच बांधाला." त्याला बांधसुद्धा लक्षात होता.

आठव्यानंतर पूल ओलांडून नवव्यावर आलो. चढावरचा होल, दमलो होतो. ग्रीनवर पोचलो तेव्हा मागच्या भागात दोघे सदस्य पटचा सराव करत होते. आमचे पट संपल्यावर यजमान त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, इथे सराव कुणीही करू शकतं. डॉक्टरने आपला पटर त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, वाकायचं नाही, गुडघ्यातून बस. डावखुऱ्याने चेंडू ठेवला. नक्की कुठे ते आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, पण थोरल्याला होतं. चार पावलं डावीकडे गेला, मग एक पाऊल मागे. "इथे होता," म्हणाला.

मागे नुकताच एक गट येत होता, तरी कुणी घाई केली नाही. त्याने दोनदा उतार पाहिला. पटर जेमतेम हातभर मागे गेला. चेंडू आधी होलपासून बराच दूर, वरच्या अंगाला निघाला, मधेच थबकल्यासारखा झाला आणि मग वळला. सगळा उतार वापरून खाली आला आणि होलच्या काठापासून वीतभर अंतरावर थांबला. डावखुरा धावत गेला चेंडू उचलायला, तर थोरला ओरडला, "थांब, मला संपवू दे."

चालत गेला, गुडघ्यातून बसला, रेघ बघितली, उभा राहिला आणि वीतभरचा तो पट आत घातला. चेंडू त्याला वाकून काढता येईना, तो मी काढून दिला. त्याने तो खिशात ठेवला आणि दहाव्याच्या टीकडे चालायला लागला.